नीटचा निकाल लागण्याआधी भरलेली फी : आहारशास्त्राच्या एका प्रवेशाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चोपडा-अमळनेर पट्ट्यातलं तापीकाठचं एक गाव. वडिलांची, म्हणजे आप्पांची, चार एकर बागायत, त्यात निम्म्याहून जास्त केळी, बाकी कापूस आणि घरापुरती दादर ज्वारी. आई घर आणि शेत दोन्ही सांभाळते. धाकटा भाऊ शाळेत, आजी ओट्यावर. घरातल्या मुलीला सगळे ‘ताई’ म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव चालवतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रवेशाचे नियम आणि परीक्षांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आहेत, कारण या प्रकरणात सगळा खेळ तारखांचाच होता.

ताई 2024 ला बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली. नीट दिली, पण सरकारी एमबीबीएस जवळपासही नव्हतं. आपल्याकडे अशा मुलीने काय करायचं हे ठरलेलंच असतं: एक वर्ष रिपीट. तिनेही केलं. 4 मे 2025 ला दुसऱ्यांदा नीट दिली आणि दोन दिवसांनी कॉलेजात येऊन मला म्हणाली, “सर, फिजिक्स गेलं. आप्पांना निकालापर्यंत सांगू नका.”

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन येतात, त्यातलंच हे एक प्रकरण. फरक एवढाच की मुलीकडे दुसरा विचार तयार होता. तिची मामी धुळ्याच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आदल्या दिवाळीत ती ताईला म्हणाली होती, “आमच्याकडे डाएटिशियन मॅडम आहेत. डॉक्टर राउंडला त्यांना विचारून लिहितात.” ताईच्या डोक्यात ते राहून गेलं होतं. घरात काढलं तेव्हा आजीचा पहिला प्रश्न होता, “खावा-पेवानं शिकाले बी कालेज लागस का वं माय?”

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वडिलांच्याही मनात तोच होता, फक्त ते बोलले नाहीत.

अडचण कुठे होती

वरवर पाहता प्रश्न साधा: आहारतज्ज्ञ व्हायचं तर कुठे अर्ज करायचा? खरी अडचण वेळापत्रकाची होती. 2025 ला बारावीचा निकाल 5 मे रोजीच लागला, नेहमीपेक्षा बराच आधी. त्यामुळे मुंबईकडच्या पदवी महाविद्यालयांचे अर्ज मे महिन्यातच भरून होणार होते आणि गुणवत्ता याद्या मेच्या शेवटी सुरू होणार होत्या. नीटचा निकाल मात्र 14 जूनला होता. म्हणजे “आधी नीटचा निकाल येऊ द्या, मग बघू” म्हणणाऱ्याचं बघायचं काही उरणारच नव्हतं.

आपल्या भागातल्या पालकांना हे सांगूनही खरं वाटत नाही. त्यांच्या हिशेबात प्रवेश म्हणजे जून-जुलै, पहिला पाऊस पडल्यावर. शिवाय नीटच्या क्लासवाल्यांनी वर्षभर डोक्यात भरवलेलं असतं की दुसरा फॉर्म भरणं म्हणजे मनातून हरणं. ताईने मार्चमध्ये सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला नव्हता तो यामुळेच. त्यामुळे दिल्ली विद्यापीठाचं लेडी आयर्विन कॉलेज आणि सीयूईटीतून प्रवेश देणाऱ्या इतर जागा मे उजाडायच्या आधीच बाद झाल्या होत्या. एवढ्या लांब पाठवायला घर तयार झालं असतं का हा भाग वेगळा.

दुसरी अडचण नावांची. ‘डाएटिशियन’ हा शब्द पाटीवर कुणीही लिहितो. शहरातल्या एका खासगी संस्थेने ताईच्या वडिलांना फोन करून सहा महिन्यांचा ‘सर्टिफाइड डाएटिशियन’ कोर्स देऊ केला होता, हप्त्यांची सोय धरून. आप्पांना तो पटलाही होता: पोरगी जवळ राहील, सहा महिन्यांत कमावती होईल.

शेवटच्या पायरीपासून उलटं

अशा वेळी मी पालकांना कॉलेजांची यादी दाखवत नाही. आधी कागदावर सगळ्यात वर नोकरी लिहितो आणि खाली खाली येतो. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायचं, तर चांगली रुग्णालयं ‘आरडी’, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन विचारतात. ती परीक्षा इंडियन डायटेटिक असोसिएशन घेते. ही संघटना 1963 पासूनची. तिथे बसायला आहारशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण लागतं, एम.एस्सी. किंवा डायटेटिक्सचा पीजी डिप्लोमा, आणि वर रुग्णालयातली इंटर्नशिप. एम.एस्सी.ला बहुतेक विद्यापीठं पदवीला आहारशास्त्र, गृहविज्ञान किंवा त्याला लागून असलेला विषय मागतात. म्हणजे तळाची पायरी त्या विषयातली बी.एस्सी.

त्यात 2021 चा केंद्राचा कायदा आला, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्यात आहारतज्ज्ञ हा व्यवसाय धरलेला आहे, आणि ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान 3,600 तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी सांगितली आहे. हे वाचून दाखवल्यावर सहा महिन्यांच्या कोर्सची गोष्ट आपोआप मिटली. तरी आप्पांना मी त्या संस्थेला दोनच प्रश्न विचारायला लावले: प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं? यावर आरडीच्या परीक्षेला बसता येतं का? पलीकडून उत्तर आलं, “प्लेसमेंट शंभर टक्के.” आप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “इचारं काय आनि सांगस काय!”

रुग्णालयातली एक सकाळ

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा निर्णय मामीने घेतला. मेच्या मध्यावर तिने ताई आणि आप्पा दोघांनाही आपल्या रुग्णालयात बोलावून घेतलं, डाएटिशियन मॅडमची परवानगी घेऊन. ते नुसते कोपऱ्यात बसले.

डायलिसिसवरचा एक म्हातारा शेतकरी आला. मॅडम धुळ्याच्याच, अहिराणीतच बोलत होत्या. “बाबा, सकाये काय खातस तुम्ही?” म्हातारा म्हणाला, भाकर, वरण आणि दोन केळी, घरचीच आहेत. मॅडमनी वही बाजूला ठेवली. वरण किती? एक वाटी. “वाटी कोनती? घरनी का हाटेलनी?” कपाटातून तीन वाट्या काढून समोर ठेवल्या. म्हाताऱ्याने सगळ्यात मोठीवर बोट ठेवलं. मग हिशेब सुरू झाला. एका मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर येतं. केळी बंद. बटाटा आणि भाज्या बारीक चिरायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी. शेवभाजीच्या रश्श्यातलं मीठ वेगळं समजावलं. म्हाताऱ्याची सून सोबत होती, तिच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं.

केळी पिकवणारा बाप हे ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “तिनी आपलंच केळं बंद करी टाकं!” पण परतीच्या एसटीत त्याने ताईला पहिल्यांदा विचारलं की हे शिकायला किती वर्षं लागतात.

ताईने मात्र वेगळीच गोष्ट टिपली होती. मॅडमनी म्हाताऱ्याला छापील डाएट चार्ट दिलाच नाही. त्यांच्याकडचा चार्ट इंग्रजीत होता, त्यात ओट्स आणि स्किम्ड मिल्क होतं. कळण्याची भाकरी, फुणके, बिबडे हे आपल्याकडचे घरचे पदार्थ त्यात कुठे बसतात हे लिहिलेलंच नव्हतं.

तोलून पाहिलेले पर्याय

तिसऱ्यांदा नीट हा पर्याय ताईनेच फेटाळला आणि तो फेटाळायला वेळ लागला नाही. बीएएमएसचं, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचं, तसं नव्हतं. काका त्याच्या मागे होते. शेवटच्या फेऱ्यांत एखादी खासगी जागा मिळण्याची शक्यता होती, नावापुढे डॉक्टर लागलं असतं. पण आयुषच्या, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीच्या, प्रवेश फेऱ्या दिवाळीच्या आसपासपर्यंत रेंगाळतात. तोवर हातात काहीच नसणार. शिवाय मुलीला ते करायचंच नव्हतं. हे कारण आपल्याकडच्या बैठकीत सगळ्यात शेवटी मोजलं जातं, पण मोजलं गेलं.

जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. रसायनशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजी करून पुढे पीजी डिप्लोमा, हा सगळ्यात स्वस्त रस्ता. काही संस्था अशा पदवीधरांना घेतात. पण सगळ्या घेत नाहीत, आणि तीन वर्षांनी नियम काय असतील यावर सगळी मदार. दार अर्धवट उघडं ठेवणारा पर्याय म्हणून तो यादीत राहू दिला.

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हा खरा तुल्यबळ उमेदवार होता. तिथल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात (जुनं नाव गृहविज्ञान) अन्न व पोषणाचा विभाग आहे. प्रवेश राज्याच्या एकत्रित, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो, म्हणजे मुलींच्या शंभर टक्के शुल्कमाफीचा 8 जुलै 2024 चा शासन निर्णय लागू होण्याची आशा. कृषी विद्यापीठ म्हटल्यावर आप्पांना ते आपलंही वाटत होतं. अडचण ही की पदवी विस्तृत आहे: पोषणाबरोबर मानव विकास, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन, विस्तार शिक्षण. रुग्णालयाकडे जायचं तर सगळा भार एम.एस्सी.वर येतो. आणि कृषीच्या फेऱ्या उशिरा सुरू होतात.

मुंबईत दोन नावं समोर होती. एसएनडीटी महिला विद्यापीठाचं जुहूचं सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन. विषय नेमका, मोठी रुग्णालयं शहरातच. खर्च आणि राहण्याचा प्रश्न मात्र डोंगराएवढा. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात फूड्स अँड न्यूट्रिशनचा जुना विभाग आहे आणि ताप्ती लाइनने सुरत गाठलं की वडोदरा दूर नाही. पण राज्य बदललं की आपल्याकडच्या ओबीसी दाखल्याचा आणि महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, आधार सुटतो. तो विचार एका संध्याकाळीच संपला.

घरबसल्या दूरस्थ पदवी हा पर्याय मावसभावाने सुचवला होता. मी त्याला तेव्हाही नाही म्हटलं, कारण रुग्णालयातलं काम घरी बसून शिकता येत नाही. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, त्याच सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन व डायटेटिक्स अशा आरोग्यसेवा विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं. तो रस्ता धरला असता तर दोन महिन्यांत भिंत आली असती.

काय केलं

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईच्या दोन्ही ठिकाणी अर्ज भरले. परभणीची फेरी उघडली की भरायची असं कॅलेंडरवर लिहून ठेवलं. कागदपत्रांत दोन ठिकाणी अडलं. नॉन-क्रीमीलेअर दाखला आदल्या वर्षीचा होता, त्याची मुदत 31 मार्चला संपली होती. सेतूवर गर्दी नव्हती, कारण बाकीचे सगळे जूनमध्ये येणार होते. तरी दाखला हातात यायला वेळ लागणार होता, म्हणून अर्जाची पावती आणि हमीपत्र जोडलं. इथे एक सांगून ठेवतो: क्रीमीलेअर ठरवताना शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. केळीला चांगला भाव आला म्हणून दाखला मिळणार नाही, अशी भीती आप्पांना कुणीतरी घातली होती. दुसरा कागद गॅप सर्टिफिकेटचा. रिपीटच्या वर्षात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. तहसीलच्या आवारात ते अर्ध्या तासात झालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका महाविद्यालयाच्या यादीत नाव लागलं. फी भरून प्रवेश पक्का करायला मोजके दिवस होते आणि नीटचा निकाल अजून लागायचा होता.

घरात रात्रभर खल झाला. काका म्हणाले, निकालाआधी पैसे भरणं म्हणजे पोरीवर विश्वास नाही असं दाखवणं. आप्पांची भीती व्यवहाराची होती: नीटला जमलं तर हे पैसे बुडाले. सकाळी फोन आला. मी त्यांना यूजीसीचा परताव्याचा नियम सांगितला, की ठरल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते, आणि महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातलं तेच पान व्हॉट्सॲपवर पाठवलं. पण निर्णय त्या पानाने झाला नाही. ताईने स्वतःच आप्पांना पेपरबद्दल सांगितलं. महिनाभर लपवलेलं ते एकदाचं बोलून टाकलं. आप्पा गप्प राहिले आणि दुपारी बँकेत गेले.

14 जूनला निकाल आला. आदल्या वर्षापेक्षा शंभरावर गुण कमी. त्यावरून काका बोललेच. इथे मात्र न्याय करायला हवा: 2025 चा पेपर इतका अवघड होता की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 720 पैकी 686 होते, तर 2024 ला पैकीच्या पैकी घेणारे अनेक होते. गुण घसरले म्हणजे मुलीने अभ्यास केला नाही, असं त्या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही. पालकांना क्रमांक दाखवावा, गुण नव्हे.

पुढे काय झालं

प्रवेश झाला, पण वसतिगृह मिळालं नाही. वसतिगृहाचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, आणि तो अर्ज कुणी भरलाच नव्हता. ताई कल्याणला आत्याकडे राहिली. आपल्या खान्देशातली निम्मी माणसं कल्याण-डोंबिवलीला असतात, तेव्हा आसरा मिळाला, पण रोजचा लोकल प्रवास पहिल्या सत्राच्या गुणांवर उमटला. दोन महिन्यांनी वसतिगृहात जागा रिकामी झाली तेव्हा ती गेली. शंभर टक्के शुल्कमाफी तिला लागू झाली नाही, कारण तिचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतला नव्हता. महाडीबीटीवर ओबीसी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे. पहिल्या वर्षाचा खर्च केळीच्या एका कटाईत गेला, असं आप्पा सांगतात.

अभ्यासात रसायनशास्त्र सोपं गेलं, नीटची तयारी तिथे कामी आली. इंग्रजी जड गेलं. फूड लॅबमध्ये पदार्थ मोजून करायचे आणि पोषणमूल्य काढायचं असतं. तिने एका प्रात्यक्षिकात कळण्याची भाकरी घेतली. ज्वारी आणि उडीद एकत्र आले की दोघांची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात, कारण ज्वारीत कमी असलेलं लायसिन (प्रथिनांचा एक घटक) उडदात असतं. बाईंनी तो तक्ता वर्गात दाखवला. हे तिने मला फोनवर सांगितलं, आणि मी तेच बारावीच्या वर्गात प्रथिनं शिकवताना वापरतो.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, मामीची ती भेट अकरावीतच व्हायला हवी होती. एक सकाळ रुग्णालयात बसून जे कळलं ते माझ्या तासाभराच्या समजावण्याने कळलं नसतं, आणि रिपीटचं वर्ष घ्यायचं की नाही हा विचारही वेगळ्या रीतीने झाला असता. नीट देणाऱ्या मुलांनी सीयूईटीचा फॉर्म वेळेत भरून ठेवावा, वापरायचा नसला तरी. वसतिगृहाचा अर्ज प्रवेश अर्जाच्याच दिवशी भरावा. नॉन-क्रीमीलेअर एप्रिलमध्येच काढावा.

परभणीबद्दल माझं मत अजून दोलायमान आहे. ताईच्या जागी दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरातली मुलगी असती, तर मी परभणीच सुचवलं असतं. पोषणाचा विभाग आहे, शुल्क वाचतं, आणि अंगणवाडी, कुपोषित मुलांसाठीची पोषण पुनर्वसन केंद्रं अशा कामाकडे जायचं तर विस्तार शिक्षण उपयोगीच पडतं. ताईला रुग्णालयाच्या वॉर्डातच जायचं होतं, म्हणून मुंबई. आप्पांच्या खिशाला ते झेपलं ते त्या वर्षी भाव बरा मिळाला म्हणून. भाव पडला असता तर हाच निर्णय चुकीचा ठरवला गेला असता, आणि बोल लागला असता तो मुलीला.

अजून न सुटलेलं

नव्या शैक्षणिक धोरणामुळे तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते, किंवा चौथं वर्ष ऑनर्सचं करून एम.एस्सी. एका वर्षात. एकूण वर्षं तेवढीच. पण एका वर्षाची एम.एस्सी. कोणती विद्यापीठं देतील, त्यात इंटर्नशिप कुठे बसेल आणि नव्या आयोगाच्या नोंदणीत कोणता मार्ग सोपा जाईल, यावर तिचा निर्णय अवलंबून आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या एम.एस्सी. अप्लाइड न्यूट्रिशनची प्रवेश परीक्षा द्यावी असं तिच्या मनात आहे. घरी अजून सांगितलेलं नाही.

तूर्त तिने सुट्टीत नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पोषण पुनर्वसन केंद्रात महिनाभर बसू द्यावं म्हणून अर्ज तयार केला आहे. त्याला महाविद्यालयाचं पत्र लागतं. ते मिळालं की जिल्हा रुग्णालयात अर्ज द्यायला आप्पा सोबत जाणार आहेत.